साथीत छोटी जिम तगवायची कशी? बंद शटरमागून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याची जागा, दोन ट्रेनर, शंभरेक मेंबर. साथ आली की जिम कधी पूर्ण बंद, कधी अर्धी चालू. अशा वेळी ऑनलाइन क्लास सुरू करावेत, मशीन विकावीत, की सरळ धंदाच गुंडाळावा?

मी हे २०२० आणि २०२१ मध्ये भोगलंय, म्हणून आधी माझी चूक सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोविडला महासाथ म्हटलं आणि काही दिवसांतच माझं शटर खाली आलं. पहिले तीन आठवडे मी काय केलं? भिंती रंगवल्या. केबल मशीनच्या पुल्यांना तेल घातलं. प्लेट्स वजनाप्रमाणे लावल्या, मग कंटाळून रंगाप्रमाणे लावल्या. मेंबरांना मात्र एकही फोन केला नाही. जानेवारीत अनेकांकडून वर्षाची फी घेतली होती, ती खर्चून झाली होती, आणि फोन केला की समोरचा पैसे परत मागणार अशी धास्ती होती.

चौथ्या आठवड्यात एका मेंबरचाच फोन आला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गुडघ्यासाठी यायच्या. मनात म्हटलं, झाली सुरुवात. बाई म्हणाल्या, "सर, खुर्चीवरून उठताना गुडघा परत कुरकुरायला लागलाय. ते पायरीवर चढायचं तुम्ही करून घ्यायचात ना, ते घरी केवढ्या उंचीच्या स्टुलावर करू?" फीचा विषयच नाही. पंधरा मिनिटं बोललो, व्हिडिओ कॉल लावून स्टूल बघितलं, डगमगतंय म्हणून नको म्हटलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर करायला लावलं. पायांनी वजन ढकलायचं लेग प्रेस मशीन बाईंना आठवलंही नव्हतं. त्यांचा गुडघा ओळखणारं माणूस त्यांना हवं होतं.

त्या संध्याकाळी वही काढली आणि पुढच्या सहा दिवसांत सगळ्यांना फोन केले. तुम्हीही आज इथूनच सुरुवात करा. प्रत्येकापुढे तीन वाटा ठेवा: मेंबरशिप थांबवायची, म्हणजे बंद असलेले दिवस पुढे जोडून मिळतील, कमी फीत घरून करायचं, किंवा पैसे परत हवे असतील तर हप्त्यांनी परत. तिसरी वाट आपण होऊन सांगताना घशाला कोरड पडते, मला माहीत आहे. पण ती सांगितली की बरेच जण पहिली निवडतात. न सांगता गप्प बसलात तर तेच लोक चिडून तिसरी मागतात, तीही एकरकमी.

इथे एक हिशेबाची गोष्ट, जी मला धंद्यात इतकी वर्षं काढूनही कळली नव्हती. आगाऊ घेतलेली वार्षिक फी हे उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. जितके महिने पुरवले तितकीच तुमची, बाकीची अजून मेंबरची. म्हणून तंगीच्या काळात "आत्ता दोन वर्षांची फी भरा, निम्म्यात देतो" असल्या ऑफर काढू नका. ते महागडं कर्ज आहे आणि ते फेडायची वेळ येते तेव्हा जिम भरलेली दिसते, गल्ला रिकामा असतो.

जागामालकाकडे जाताना गाऱ्हाणं नेऊ नका, कागद न्या. महिन्याचा ठरलेला खर्च किती, सध्या येतंय किती, त्यातून भाड्याचा किती हिस्सा आत्ता देता येईल आणि उरलेला जिम उघडल्यावर किती हप्त्यांत, हे लिहून. साथीच्या मध्यावर त्यालाही दुसरा भाडेकरू सहज मिळणार नसतो, हे तो बोलून दाखवत नाही एवढंच. जे ठरेल ते सहीनिशी घ्या. विम्याची पॉलिसीही वाचून काढा, पण फार आशा ठेवू नका. धंदा बंद पडल्याची भरपाई बहुधा आग किंवा पुरासारखं नुकसान झालं तरच मिळते, आणि अनेक पॉलिसींमध्ये साथीचे रोग नावानिशी वगळलेले असतात.

आता पैसा येईल कुठून? मला सगळ्यात आधी तो आला कुलपातल्या डंबेलमधून. २०२० मध्ये जगभर दुकानांतून डंबेल आणि केटलबेल (वर कडी असलेले लोखंडी गोळे) गायब झाली होती, आणि माझ्याकडे खोलीभर लोखंड धूळ खात पडलं होतं. महिन्याच्या भाड्याने देऊन टाकलं. नाव, वजन, फोटो, डिपॉझिट, परतीची तारीख, सगळं रजिस्टरमध्ये. एकूण ४१ नोंदी झाल्या. स्पिन बाइक, म्हणजे जागेवरच चालवायच्या सायकलीही गेल्या. बार आणि बेंच मात्र एकट्याने प्रेस मारणाऱ्याच्या घरी पाठवू नका. छातीवर बार अडकला तर तो उचलायला तिथे कोणी नसतं. एका गड्याने १६ किलोची केटलबेल चार महिन्यांनी परत आणली, तिच्यावर जिमचं स्टिकर जसंच्या तसं चकचकीत. विचारलं तर हसला. दार अडवायला वापरत होता. भाडं मात्र वेळेवर देत होता, आणि जिम उघडली त्या दिवशी पहिल्या बॅचला हजर.

ऑनलाइन क्लासबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. पहिल्या क्लासला २३ जण आले. मला दिसले तेरा पंखे, काही पावलं आणि एक मांजर. माझाच आवाज कोणाच्या तरी स्पीकरमधून परत येत होता. कोण काय करतंय हे मला दिसत नसेल तर माझ्यात आणि फुकटच्या व्हिडिओत फरक काय? फुकटच्या व्हिडिओंशी छोट्या जिमवाल्याने स्पर्धा करायचीच नसते. दुसऱ्या आठवड्यापासून सहाची बॅच केली. फोन जमिनीवर, भिंतीला टेकवून, बाजूने पूर्ण शरीर दिसेल असा, आणि कॅमेरा चालू असल्याशिवाय क्लास सुरू नाही. मग नाव घेऊन सांगता आलं की टाच उचलली जातेय, कंबर गोल होतेय. ज्यांना वेळ जमत नव्हती ते सेटचा व्हिडिओ पाठवायचे आणि ट्रेनर दोन ओळींत उत्तर द्यायचा. न आलेल्याला त्याच दिवशी मेसेज जायचा. या मेसेजनेच फी टिकवली असं मी म्हणेन, व्यायामाने नंतर.

कॅमेरे, दिवे, स्वतःचं ॲप यांवर पैसे उधळू नका. घरच्या व्यायामाची लाट कायम राहील असं धरून चालणाऱ्यांत घरी व्यायामाला वापरायच्या सायकली विकणारी पेलोटनसारखी मोठी अमेरिकी कंपनीही होती. २०२० मध्ये तिच्या सायकली मागणीला पुरत नव्हत्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने सुमारे २,८०० लोकांना कामावरून कमी केलं, संस्थापकालाही प्रमुखपद सोडावं लागलं. तुमच्याकडे एक बरा फोन आणि कॉलरला लावायचा माइक असला की झालं.

ट्रेनरचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पूर्ण पगार देणं मला जमत नव्हतं. प्रत्येक बॅचच्या फीत ठरलेला वाटा, असं ठरवलं आणि माझी वही त्यांच्यापुढे उघडी ठेवली. फुकट राबवलंत तर ते तुमचेच मेंबर घेऊन स्वतःचे क्लास काढतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जिम पुन्हा उघडायची वेळ येईल तेव्हा पहिला प्रश्न हा, की रोग पसरतो कसा? मी हे न विचारता फवाऱ्याची बाटली घेऊन पुसत सुटलो. ब्लीचच्या पाण्याने रोज बार पुसले, महिन्याभरात पकडीच्या खरबरीत भागात गंज शिरला. बेंचच्या रेक्झिनला स्पिरिटने भेगा पडल्या. आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी. खरा मामला हवेचा होता. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत-बाहेर करतो, दमछाक होईपर्यंत व्यायाम करणारा पन्नास, शंभर किंवा त्याहूनही जास्त. दक्षिण कोरियातल्या चेओनान शहरात फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये जोरकस नाचाच्या फिटनेस क्लासमधून १२ ठिकाणी मिळून ११२ जणांपर्यंत लागण पोचली. त्यातल्याच एका लागण झालेल्या शिक्षिकेने सात-आठ जणांचे पिलाटीस (संथ, नियंत्रित हालचालींचे व्यायाम) आणि योगाचे वर्गही घेतले होते, तिथे मात्र कोणाला लागण झाली नाही. म्हणजे बॅच किती मोठी आणि धाप किती लागते, यावर बरंच काही ठरत होतं.

म्हणून मी कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र भिंतीवर लावलं. बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत ८०० च्या वर गेला की लोकांनी एकमेकांनी सोडलेला श्वास ओढायला सुरुवात केली असं समजायचं. आठ जण, खिडक्या बंद, एसी चालू: वीस मिनिटांत आकडा बघून मीच बाहेर पळालो. नेहमीचा स्प्लिट एसी तीच हवा गार करून फिरवत राहतो, ताजी आणत नाही. एका खिडकीत बाहेर फेकणारा पंखा, समोरची खिडकी उघडी, ट्रेडमिल खिडकीपाशी, धापा टाकायला लावणारे व्यायाम शक्यतो उघड्यावर. खिडकीच नसेल तर पंख्याभोवती फिल्टर चिकटवून करतात तो कोर्सी-रोझेन्थल बॉक्स बनवा, एका दुपारचं काम आहे. पुढची साथ पाण्याने किंवा स्पर्शाने पसरणारी निघाली तर हे सगळं उलटं करावं लागेल, तेव्हा आधी विचारा, मग खर्च करा.

पंचेचाळीस मिनिटांची बॅच आणि मध्ये पंधरा मिनिटं मोकळी हवा, असं वेळापत्रक लावलं तेव्हा कुरकुर झाली. पण सहा-आठ जणांत प्रत्येकाकडे लक्ष जातं, त्यामुळे त्याची फी जास्त लावता आली आणि लोकांनी ती दिली. निर्बंध उठल्यावरही मी सकाळच्या बॅच तशाच ठेवल्या.

परतणाऱ्यांना मात्र आवरा. चार महिने घरी बसलेला गडी पहिल्याच दिवशी जुनं वजन लावायला धावतो. निम्म्या वजनाने सुरुवात, दोन आठवडे तरी. एकदम अति केल्याने स्नायू तुटून लघवी काळपट तपकिरी होणं ही थट्टा नाही, मूत्रपिंडावर जातं, थेट दवाखाना गाठायचा. आजारातून उठलेल्याला छातीत दुखत किंवा धडधडत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारला हात लावू देऊ नका.

राहिला मशीन विकायचा प्रश्न. फोन करताना मी वहीत एक रकाना ठेवला होता, कोणाला काय आठवतंय याचा. डंबेल सगळ्यांना. स्क्वॉट रॅक बऱ्याच जणांना. छातीच्या फ्लायचं मशीन, ज्याचे हप्ते मी तीन वर्षं फेडले, एकालाही नाही. पण सगळ्या जिम बंद असताना ते विकायला काढलं तर भंगाराचा भाव मिळाला असता, म्हणून थांबलो. जिम उघडून गर्दी परतायला लागल्यावर ते आणि बसून पाय फाकवायचं मशीन, दोन्ही काढली. त्या जागेत आता रबरी मॅट आहे, आणि बाईंच्या गुडघ्यासाठी एक पक्की, न डगमगणारी पायरी.