लग्नाचे फोटो हौशी फोटोग्राफरला द्यावेत का?

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करते. सात महिन्यांनी सांगलीत लग्न आहे आणि आमच्या बाजूचा सगळा खर्च मीच करणार आहे. फोटोग्राफरने १,६५,००० रुपये सांगितलेत. मामेभावाचा एक मित्र हौसेने फोटो काढतो, तो २५,००० मध्ये सगळं करून देतो म्हणतो. माझी बचत ६,६०,००० आहे, शिवाय अडीअडचणीसाठी दीड लाखाची एफडी. बाकीचं पर्सनल लोन घ्यावं, की फोटोत पैसे वाचवावेत?

उत्तर: आधी आकडा दुरुस्त करू. फोटोग्राफर १,६५,००० ला नाही, १,९४,७०० ला पडतोय. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलंय. तो १८ टक्के, म्हणजे २९,७०० रुपये. आता तुमच्याच यादीची बेरीज बघा: कार्यालय १,४०,०००, जेवणाची ७०० पानं ४२० रुपयांनी म्हणजे २,९४,०००, कपडे-दागिने २,६०,०००, डेकोरेशन ७५,००० आणि फोटो. एकूण ९,६३,७००. बचत वजा जाता ३,०३,७०० कमी पडतात.

मित्राला काम दिलंत तरी १,३४,००० कमी पडतातच. म्हणजे फोटोवर पाणी सोडूनही कर्ज डोक्यावर राहणारच.

आणि ते कर्ज मला मुळीच नको आहे. बँकेने तुम्हाला १३ टक्के सांगितलेत. ३ लाख, ३ वर्षं धरली तर हप्ता साधारण १०,१०० चा आणि एकूण व्याज ६४,००० च्या आसपास. एका दिवसाच्या कार्यासाठी तीन दिवाळ्या हप्ते भरायचे! एफडीलाही हात लावू नका. ती लग्नासाठी ठेवलेली नाही.

आता हौशी की व्यावसायिक. इथे मी जरा पूर्वग्रहदूषित आहे, आधीच सांगतो. माझं लग्न १९९७ सालचं, मिरजेतलं. पैसे वाचवायचे म्हणून ओळखीतल्या एका हौशी माणसाला बोलावलं. बिचारा दिवसभर घाम पुसत खटाखट फोटो काढत होता. छत्तीसचा रोल संपला तेव्हा कळलं, फिल्म आत अडकलीच नव्हती. लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सगळं कोरं. आमच्याकडे सप्तपदीचा एकच फोटो आहे, तोही एका पाहुण्याने काढलेला. त्यात माझी पाठ आणि भटजींचं कोपर दिसतं.

आता रोल नाही, पण त्याची जागा मेमरी कार्डने घेतली आहे. एकाच कॅमेऱ्यात एकच कार्ड आणि ते बिघडलं, तर तीच गत. म्हणून मित्राला त्याच्या हुशारीबद्दल विचारू नका, सामानाबद्दल विचारा. दुसरा कॅमेरा आहे का? एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का? कार्यालयाच्या पिवळ्या उजेडात, वर डीजेचे निळे-जांभळे दिवे फिरत असताना काढलेले फोटो दाखव म्हणा. अंतरपाट दूर होतो ते क्षण पाच-सात सेकंदांचे. समोर अक्षता उडत असतात, पुढच्या रांगेतले सगळे मोबाईल वर करून उभे असतात आणि ‘थांबा, परत एकदा’ म्हणता येत नाही. व्यावसायिकाला पैसे द्यायचे ते या पाच-सात सेकंदांचे. हळदीला मात्र तुम्ही हवं तेवढं थांबू शकता, परत लावू शकता. अंगणात भरपूर उजेड असतो. तिथे मित्राला जरूर बोलवा, सहा हजार द्या. फुकट करून घेऊ नका, फुकटच्या कामाला जाब विचारता येत नाही.

व्यावसायिकाचंही मी आंधळेपणाने कौतुक करणार नाही. त्याने दाखवलेले निवडक वीस फोटो बाजूला ठेवा आणि एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागा. वीस चांगले कोणाचेही निघतात.

आता कोटेशन सोलू. प्री-वेडिंग ३५,०००: काढून टाका. ड्रोन १२,०००: लग्न कार्यालयाच्या हॉलमध्ये आहे, ड्रोन काय पंख्याला प्रदक्षिणा घालणार? एलईडी स्क्रीन १०,०००: हॉलमध्ये कुठूनही मांडव दिसतो, नको. दोन अल्बमपैकी एक, १८,०००: नको. उरले ९०,०००, जीएसटीसह १,०६,२००. वाचले ८८,५००.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आलंय: ‘मुलाकडच्यांचा फोटोग्राफर वेगळा आहे.’ म्हणजे एकाच मांडवात दोन चमू, एकाच सप्तपदीचे दोनदा फोटो, आणि एकमेकांच्या फ्रेममध्ये घुसून दोन्हींचा विचका. होणाऱ्या नवऱ्याशी बोला. एकच चमू, खर्च निम्मा-निम्मा, फोटो दोन्ही घरांना. तुमचे आणखी ५३,१०० वाचतील. हे बोलणं फोटोग्राफरला इसार देण्याआधी व्हायला हवं.

सर्वात मोठी रक्कम मात्र जेवणात आहे आणि तिच्याविषयी तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. ७०० ची ५५० पानं केलीत तर ६३,००० वाचतात. आईवडील नाराज होतील, ‘भावकीत काय तोंड दाखवायचं’ हेही येईल. पत्रिका छापायला टाकण्याआधी यादी घेऊन त्यांच्यासोबत एक संध्याकाळ बसा. ते नाहीच ऐकले, तर तेवढी रक्कम डेकोरेशन आणि शालूतून काढावी लागेल.

सगळं जमलं तर ८८,५००, ५३,१०० आणि ६३,००० मिळून २,०४,६०० झाले. उरतात ९९,१००, त्यात मित्राचे सहा हजार, म्हणजे १,०५,१००. सात महिने दरमहा १५,००० बाजूला टाकलेत तर १,०५,००० होतात. शंभर रुपये कमी पडतात, ते आहेरातून घ्या. त्यापलीकडे आहेराची रक्कम हिशेबात धरू नका. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींवर आयकर नाही हे खरं, पण पाकिटात किती निघेल ते कोण सांगणार?

‘बिल नको असेल तर जीएसटी सोडतो’ असं फोटोग्राफर म्हणेल. मोह होईल, पण नाही म्हणा. उद्या काम बिघडलं आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर हातात कागद हवा. करारही लेखी घ्या: कोण येणार, किती तास, फोटो कधी मिळणार. शेवटचे वीस टक्के सगळं हाती आल्यावरच द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून सही करण्याआधी ‘वेगळं’ काय लिहिलंय ते वाचा. तुमचे फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर जाण्याची परवानगी बहुधा तिथेच दडलेली असते.

अल्बमची घाई नको. मूळ फोटो दोन हार्ड डिस्कवर घ्या, एक तुमच्याकडे, एक सासरी. माझ्या एका ग्राहकाने अल्बमचे पूर्ण पैसे आधीच भरले होते. त्यांची मुलगी आता पहिलीत आहे आणि दोनशे फोटोंची निवड अजून चालू आहे.