गोल दिसलं म्हणजे सुपरनोव्हाचा अवशेष नव्हे

रेडिओ नकाशात उजळ कडांचं गोल कवच दिसलं की सुपरनोव्हाचा अवशेष (स्फोट झालेल्या ताऱ्याचं पसरत गेलेलं कवच) सापडला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. आकाशगंगेच्या प्रतलात आयनित हायड्रोजनचे ढगही हुबेहूब तसेच दिसतात, आणि ते ढिगाने आहेत. आधी ग्रीन यांच्या ज्ञात अवशेषांच्या यादीत ती जागा शोधा, मग वाइज या अवकाश दुर्बिणीची 22 मायक्रॉनची अवरक्त प्रतिमा शेजारी ठेवा. तिथेही ते कवच ठळक चमकत असेल तर बहुधा ढगच.

खरा निवाडा वर्णपट निर्देशांक करतो, म्हणजे वारंवारता वाढली की प्रवाह किती झपाट्याने घटतो ते सांगणारा आकडा. 400 मेगाहर्ट्झला 2 जान्स्की (रेडिओ प्रवाहाचं एकक) मिळाले, तर 1400 ला अवशेषाचे साधारण 1.07 उरतील (निर्देशांक उणे 0.5), ढगाचे 1.76 (उणे 0.1). पल्सार-वाऱ्याच्या नेब्युलाचा (फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या कणवाऱ्याने उजळलेल्या ढगाचा) निर्देशांक साधारण 0 ते उणे 0.3 असतो, म्हणजे आयनित ढगाशी गल्लत होऊ शकते; तिथे घाई नको.

घोळ होतो तो इथे: इंटरफेरोमीटर (अनेक अँटेना जोडून केलेली दुर्बीण) मोठा पसारा गाळून टाकतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या अशाच रेडिओ दुर्बिणीला 325 मेगाहर्ट्झवर सुमारे 32 आर्कमिनिटांपर्यंतची रचना दिसते, 610 वर 17, 1400 वर जेमतेम 7. त्यामुळे 15 आर्कमिनिटांच्या कवचाचा प्रवाह 1400 ला गळतो, निर्देशांक खोटाच तीव्र येतो आणि साधा ढग अवशेष म्हणून खपतो. कवचाभोवती उणे आकड्यांचा खळगा दिसला की हाच प्रकार समजा. अशा वेळी 325 आणि 610 ची जोडी घ्या, दोन्ही नकाशे किलोलॅम्डात (हजार तरंगलांबींच्या एककात) मोजलेल्या एकाच यूव्ही-पल्ल्यातून, म्हणजे अँटेनांमधल्या अंतरांच्या एकाच पल्ल्यातून बनवा, बीम (नकाशातला बारकाव्याचा ठिपका) सारखा करा आणि पार्श्वभूमीच्या दीर्घिकांचे ठिपके वजा करूनच प्रवाह मोजा.