डॅलस की कोलंबस? गौरीला लांबलेलं उत्तर

गौरी,

निखिलला कंपनीनं टेक्सासातलं डॅलस किंवा मी राहते त्या ओहायोतलं कोलंबस निवडायला सांगितलंय, वर्ष-दीड वर्षात तुम्हाला बाळ हवंय, आणि तुझी ऑफिसातली मैत्रीण म्हणते की अमेरिकेत गर्भपाताचं आता लोकच मतदान करून ठरवतात, तेव्हा काळजी नको. हे खरं का, आणि असा कायदा लोकांनी करावा की आमदारांनी, असं तू विचारलंयस. फोनवर सांगायला बसले असते तर तुझ्या आईनं मधेच फोन ओढून घेतला असता, म्हणून लिहिते.

मैत्रिणीचं निम्मं खरं आहे. 24 जून 2022 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क देशभर देणारा 1973 चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला आणि हा विषय लोकांकडे व त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे सोपवला. आता लोक एक म्हणाले आणि प्रतिनिधी दुसरंच, तर कुणाचं चालायचं? ते राज्याराज्यावर आहे. सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणायची सोय साधारण निम्म्या राज्यांतच आहे. ओहायोत आहे, टेक्सासात नाही.

टेक्सासातले लोक प्रस्तावांवर मतं देत नाहीत असं नाही हं. 2025 च्या नोव्हेंबरात त्यांच्यापुढे राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या एकदम 17 दुरुस्त्या होत्या. पण त्यातली प्रत्येक आधी आमदारांनी दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केलेली. पानात काय वाढायचं ते आतच ठरतं. तिथे गर्भपाताला जवळजवळ पूर्ण बंदी आहे. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान 1 लाख डॉलर दंड. बाईला शिक्षा नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे, पण धोका किती वाढेपर्यंत थांबायचं याची डॉक्टरांनाच धास्ती, म्हणून 2025 मध्ये आमदारांना खुलाशाचा वेगळा कायदा करावा लागला. गर्भात गंभीर व्यंग असलं तरी सूट नाही.

ओहायोचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. 2019 मध्ये आमदारांनी केलेला कायदा गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसली की गर्भपात बंद करणारा होता, म्हणजे साधारण सहावा आठवडा. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, तेव्हा पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस. कोर्टात अडकलेला हा कायदा 24 जून 2022 च्या संध्याकाळीच लागू झाला आणि सप्टेंबरात सिनसिनाटीच्या एका न्यायाधीशानं तो थांबवला. दरम्यान गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेतच घालावा म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम काढली. सुमारे 4 लाख 13 हजार वैध सह्या लागत होत्या, त्याही 88 पैकी निदान 44 काउंट्यांमधून, म्हणजे जिल्ह्यांमधून.

आणि मग आमदारांनी जे केलं ते ऐक. ऑगस्टमधल्या निवडणुकांना कुणी फिरकत नाही, पैसा वाया जातो, म्हणून त्यांनी त्या बहुतेक बंद केल्या होत्या. काही महिन्यांतच त्यांनीच 8 ऑगस्ट 2023 ला खास निवडणूक लावली! प्रस्ताव असा की इथून पुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी 60 टक्के मतं हवीत आणि सह्या सगळ्या 88 काउंट्यांमधून हव्यात. साधं बहुमत 1912 पासून चालत आलं होतं. त्या प्रस्तावाचं नाव 'इश्यू वन'. लोकांनी 57 टक्क्यांनी तो पाडला. नोव्हेंबरात खरा प्रश्न आला, त्याचंही नाव 'इश्यू वन'. म्हणजे एकाच बाजूच्या माणसानं ऑगस्टमध्ये 'नाही' म्हणायचं आणि नोव्हेंबरात 'हो'. आमच्या शेजारच्या आजी मला दोनदा विचारून गेल्या, "या वेळी कुठलं गं?" मतपत्रिकेवर दुरुस्तीचा मूळ मजकूर न देता एका राजकीय मंडळानं लिहिलेला सारांश होता, त्यात 'गर्भ' शब्दाच्या जागी 'न जन्मलेलं मूल'. तरीही 56.8 टक्क्यांनी दुरुस्ती मंजूर झाली. ऑगस्टचा डाव साधला असता तर तेवढ्याच मतांनी ती पडली असती.

फ्लोरिडात नेमकं तेच झालं. 2024 मध्ये 57 टक्के लोक गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं होते, पण तिथे 60 लागतात. गंमत म्हणजे ही 60 ची अट 2006 मध्ये आली तेव्हा तिला स्वतःला 58 टक्केसुद्धा मिळाले नव्हते.

मला विचारशील तर मी लोकांच्या बाजूनं. 2022 मध्ये इथल्या राज्य सुप्रीम कोर्टानं विधिमंडळाच्या मतदारसंघांचे नकाशे एका पक्षाच्या सोयीनं आखलेत म्हणून पाच वेळा नाकारले, तरी निवडणूक त्यातल्याच एका नकाशावर झाली. असे आमदार लोकांच्या मनातलं बोलतात हे मला पटत नाही.

पण माझी बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. आपल्याकडचा 1971 चा गर्भपाताचा कायदा संसदेनं केला, आणि तो ज्या समितीच्या अहवालातून आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचे मंत्री होते. तेव्हा घरोघरी मतं घेतली असती तर काय निघालं असतं कोण जाणे. माझ्या आजीनं काय सांगितलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि बेळगावची सविता हलप्पनवार आठवते ना? 2012 मध्ये आयर्लंडला गॉलवेच्या इस्पितळात सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला, तिनं मोकळं करा म्हणून विनवलं, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून केलं नाही, आणि जंतुसंसर्गानं ती गेली. ती बंदी 1983 मध्ये आयरिश लोकांनीच सार्वमतानं घटनेत घातली होती. 2018 मध्ये 66 टक्के मतांनी त्यांनीच काढली. मधे 35 वर्षं गेली.

आता तुझ्यापुरतं. 2009 मध्ये मला नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नाहीत असं कळलं आणि दुसऱ्या दिवशी इथे क्युरेटिंग झालं. कुणी कायद्याचं नावही काढलं नाही. ठोके थांबलेले असतील तर टेक्सासचा कायदाही त्याला गर्भपात मानत नाही. अवघड असतं ते मधलं: ठोके आहेत पण पाणी गेलंय, किंवा विसाव्या आठवड्याच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये काही वाईट निघालंय. कोलंबसला अशा वेळी तू आणि तुझी डॉक्टर ठरवाल. गर्भ बाहेर जगू शकेल त्या टप्प्यापर्यंत इथे तो हक्क घटनेत आहे. डॅलसहून कॅन्ससमधल्या विचिटाला गाडी काढावी लागेल, साडेपाच-सहा तास. डॅलसला मुलं होत नाहीत असं नाही, आपली कितीतरी मंडळी तिथे सुखानं आहेत. पण दोन्ही पर्याय हातात असतील तर मी कोलंबस म्हणेन, थंडीसकट. डॅलसच ठरलं तर निखिलला एचआरकडे लेखी विचारायला सांग: आरोग्य विमा निखिलची कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते का, आणि दुसऱ्या राज्यात उपचाराला जायचा खर्च त्यात बसतो का.

यातलं काहीही ठरवायला तुला मत नसणार, हे मात्र धरून चल. नागरिक होऊन मत मिळायला मला चौदा वर्षं लागली, आणि तेव्हा ग्रीन कार्डाची रांग आजच्यापेक्षा बरी होती. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर बाई सवयीनं विचारेल, "मतदार नोंदणी करायची का?" स्पष्ट नाही म्हण, चुकून हो म्हटलंस तर व्हिसाचं कायमचं वाटोळं होऊ शकतं. आणि वाण्याच्या दुकानाबाहेर कुणी हसतमुख पोरगी पॅड पुढे करून सही मागेल. विषय कितीही पटला तरी सही करू नकोस. तिला सांग, माझी मावशी करेल, आणि माझा पत्ता दे.

मावशी