चॅटमची गोदी: साखळी का तुटली आणि तट टेकडीवर का चढला

प्रश्न दोन आहेत. इंग्लंड आणि डचांचं युद्ध चालू असताना, १६६७ मध्ये, इंग्लंडच्या मेडवे नदीवर आडवी साखळी असूनही डच आरमार चॅटमच्या लष्करी गोदीत कसं शिरलं? आणि हल्ला नदीतून झाला, तर नंतरची मोठी तटबंदी गोदीच्या पाठीमागे टेकडीवर का?

आधी एक दुरुस्ती. डच प्रत्यक्ष गोदीत शिरलेच नाहीत. नदीकाठच्या अपनोर किल्ल्यापाशी त्यांचा मारा अडला आणि ते परत फिरले. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

साखळी गिलिंगहॅमजवळ होती. लोखंडी साखळी नदीच्या रुंदीभर ताठ राहत नाही, स्वतःच्या वजनाने तिला झोळ पडतो. खाली आधार देऊनही मधल्या जागी ती सुमारे ९ फूट पाण्यात गेली होती. शिवाय साखळी शत्रूला हरवत नाही, फक्त खोळंबवते. तेवढ्या वेळात काठावरच्या तोफांनी त्याला झोडपायचं असतं. त्या तोफाच अपुऱ्या होत्या. साखळीच्या राखणीचं 'युनिटी' जहाज डच कप्तान व्हान ब्राकेलने काबीज केलं, मागून पेटती गलबतं साखळीवर घातली, आणि वाट मोकळी झाली.

मूळ दुखणं मात्र पैशाचं. इंग्लंडची तिजोरी रिकामी, हॉलंडच्या ब्रेडा शहरात तहाची बोलणी चालू, म्हणून मोठी जहाजं खलाशांविना नदीत नांगरून ठेवलेली. खलाशांना पगाराऐवजी 'नंतर पैसे देऊ' अशा चिठ्ठ्या मिळत. अशा माणसांनी जिवावर उदार व्हावं ही अपेक्षाच चुकीची होती. 'रॉयल चार्ल्स' हे इंग्रजांचं मानाचं जहाज डचांनी ओढून नेलं. पाणी उथळ, म्हणून ते एका कुशीवर कलतं करून नेलं. त्याच्या मागच्या बाजूचं कोरीवकाम आजही अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या दिवशी 'रॉयल ओक', 'लॉयल लंडन' आणि 'रॉयल जेम्स' जाळली.

आता टेकडी. नदीकाठी कॉकहॅम वुड आणि गिलिंगहॅम इथे लगेच नवे तोफखाने झाले. पण गोदी सखल काठावर आहे आणि वरची चढण तिच्या डोक्यावर. शत्रूने किनाऱ्यावर कुठेही फौज उतरवून ती चढण घेतली, की नदीतल्या सगळ्या तोफा निरुपयोगी. म्हणून १७५० च्या दशकात गोदीमागून खंदक आणि मातीचा तट काढला. नेपोलियनच्या काळात त्यातच फोर्ट अ‍ॅम्हर्स्ट आणि खडूच्या दगडातले बोगदे वाढले. तटाच्या आकाराकडे नीट पाहा: बुरूज पुढे काढलेले असतात, ते शेजारच्या भिंतीच्या पायथ्याशी मारा करता यावा म्हणून. सरळ भिंतीच्या तळाशी बिलगलेला माणूस वरून दिसत नाही.

नदी पुन्हा १८६० नंतर आठवली. हू आणि डार्नेट हे जोडकिल्ले नदीतल्या दलदलीच्या बेटांवर बांधायला घेतले. पाया खचू लागला, भिंतींना तडे गेले, आणि दोन थरांत तोफा ठेवायचा बेत सोडून प्रत्येकी ११ तोफांच्या एकाच थरावर थांबावं लागलं. दोन्हींच्या मध्ये अडसर टाकायची कल्पना होती, म्हणजे फिरून तीच साखळी!

गोदी १९८४ ला बंद झाली. आता तिथे संग्रहालय आहे. गेलात तर मुख्य दरवाजातून आत शिरल्यावर लगेच थांबा. तिथला भलामोठा रंगीत लाकडी पुतळा 'वेलस्ली' जहाजाच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा आहे. हे जहाज मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलं, १८१५ मध्ये पाण्यात उतरलं, आणि १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात थेम्समध्ये बुडालं.