एलिगंट वाइनला मराठीत काय म्हणावं?

एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आहे. पुण्यातल्या एका हॉटेलची मद्ययादी त्या मराठीत आणताहेत. उत्तर इटलीच्या दक्षिण टिरोलमधल्या, पिनो न्वार जातीच्या द्राक्षांच्या एका वाइनपुढे इंग्रजीत जे लिहिलं होतं, त्याचं यंत्राने 'अल्पाइन वाइन वाढणाऱ्या प्रदेशातील मोहक लाल दारू' असं करून दिलं. 'हे वाचून हसू का येतं, ते नेमकं सांगता येत नाही,' असं त्या लिहितात. 'एलिगंट'साठी सुबक, शालीन, अभिजात, नजाकतदार यांतलं काय वापरावं, हा त्यांचा मुख्य प्रश्न.

आधी हसू. ते 'दारू'मुळे येतं. हा शब्द फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ औषध होता. मराठीत त्याने तोफेची दारू आणि गुत्त्यातली दारू अशी दोन्ही कामं पत्करली, आणि आता त्याला बाटली, भांडण आणि बरबाद घर यांचा वास कायमचा चिकटला आहे. त्याला मोहक म्हटलं की तमाशातला सोंगाड्या कोट घालून आल्यासारखं वाटतं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू की नाही' यावर महाराष्ट्रभर वाद झाला होता. आबकारीचा मुद्दा बाजूला ठेवला, तर भाषेपुरता तो वाद मिटलेला आहे: यादीत वाइनला वाइनच म्हणायचं. (गंमत अशी, की आपल्याकडे 'वाइन शॉप'मध्ये गिऱ्हाईक बहुतेक वेळा रम नाहीतर व्हिस्की मागतं.) शुद्धतेच्या हौसेने 'द्राक्षासव' मात्र लिहू नका. ते औषधाच्या दुकानात मिळतं, जेवणानंतर दोन चमचे.

'अल्पाइन'ही काढा. आपण शाळेपासून आल्प्स म्हणतो. 'अल्पाइन' वाचून नकळत 'अल्प' आठवतं. दक्षिण टिरोलचे द्राक्षमळे काही बर्फाच्या शिखरांवर नाहीत. आदिजे आणि इसार्को या नद्यांच्या खोऱ्यांच्या उतारांवर, साधारण २०० ते १००० मीटर उंचीवर ते पसरले आहेत. 'खोरं' हा आपला रोजचा शब्द आहे, तो इथे चपखल बसतो. 'वाइन वाढणाऱ्या प्रदेशा'च्या जागी 'वाइन-उत्पादक प्रदेश' लिहिलं, तर ते सरकारी परिपत्रक झालं. आपली वर्तमानपत्रं ऊसपट्टा, कांदापट्टा, द्राक्षपट्टा म्हणतात, तेच घ्या. पट्टा तसा चिमुकलाच आहे, सगळा मिळून सुमारे ५,८०० हेक्टर. इटलीच्या एकूण वाइनमध्ये त्याचा वाटा एक टक्काही नाही.

यादीत पुढे कुठे 'पर्गोला' आला, तर त्यालाही घाबरू नका. फेर्नाच ही तिथली द्राक्षाची जुनी जात परंपरेने लाकडी पर्गोलावर (तिथल्या बोलीत पेर्गल) चढवतात, म्हणजे डोक्यावर वेल आणि खाली लोंबणारे घड. नाशिकचा शेतकरी ते बघून क्षणात 'मांडव' म्हणेल. त्याचा मांडव तारांचा आणि सपाट, टिरोलचा लाकडी आणि उताराच्या अंगाने तिरका, एवढाच फरक. पिनो न्वार मात्र तिथे आता बहुतेक तारांवर उभी वाढवतात.

आता रंग. फ्रेंचमध्ये हे द्राक्ष पिनो न्वार, इटालियनमध्ये पिनो नेरो. दोन्हींत ते काळं आहे, आणि 'पिनो' आलं पाइनवरून, कारण घड पाइनच्या बोंडासारखा आवळलेला असतो. दक्षिण टिरोलच्या जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्यासाठी तेच द्राक्ष ब्लाउबुर्गुंडर, म्हणजे निळं बर्गंडीकर (बर्गंडी हा फ्रान्सचा प्रांत). वेलीवर काळं किंवा निळं असलेलं हे फळ पेल्यात आलं की तिन्ही भाषांत लाल होतं. एक सूचना: 'पिनो नॉयर' असं लिहू नका. ते अक्षरं वाचून केलेलं लेखन आहे, उच्चार 'न्वार'.

नाव कोणतं छापावं, यात थोडं राजकारणही आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. १९१९ च्या तहाने तो इटलीकडे गेला. त्याआधीच, १९१६ मध्ये, एत्तोरे तोलोमेई या गृहस्थाने तिथल्या गावांच्या इटालियन नावांची यादी तयार करून ठेवली होती. म्हणून आज पाटीवर बोत्सन आणि बोल्झानो, नॉयमार्क्ट आणि एन्या अशी जर्मन-इटालियन जोडनावं दिसतात, आणि बाटलीवरही दक्षिण टिरोलची दोन नावं, ज्यूडटिरोल आणि आल्तो आदिजे. बेळगावबद्दल बोलताना कोणतं रूप वापरलं यावरून माणूस कुठला ते ओळखणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तुमच्या बाटलीवर जे मोठ्या अक्षरांत आहे, ते घ्या.

'लाल' की 'तांबडी'? 'लाल वाइन' चूक नाही, पण लाल हा सिग्नलचा, कुंकवाचा, सरळ भडक रंग. माती तांबडी असते, भोपळा तांबडा असतो, पहाटे तांबडं फुटतं. जिथे लालात थोडी पिवळी-तपकिरी छटा मिसळते, तिथे आपण तांबडं म्हणतो, आणि पिनो न्वार चार-पाच वर्षांत त्याच दिशेने जाते. नेमका रंग सांगायचा असेल तर साडीच्या दुकानात जा. कोवळी फेर्नाच डाळिंबी. पिनो न्वार आमसुली, कोकमाच्या सरबतासारखी. लाग्राइन ही तिथली आणखी एक देशी जात, ती पिकल्या जांभळाची. हे शब्द आपल्या आयांना पाठ होते. वाइनची यादी करताना आपण ते विसरतो आणि 'रुबी' लिहितो.

साडीच्या दुकानात आलोच आहोत, तर 'एलिगंट'चं बघू.

लॅटिनमधला एलेगान्स हा 'निवडणे' या धातूच्या घरातला. सुरुवातीला तो कौतुकाचा शब्द नव्हता. जो कपड्यालत्त्यात, खाण्यात फार निवडानिवड करतो, नाक मुरडतो, त्याला रोमन लोक तसं म्हणत. आपला 'चोखंदळ' अगदी तिथेच उभा आहे. पुढे निवडणाऱ्याचा गुण निवडलेल्या वस्तूकडे गेला आणि शब्द प्रतिष्ठित झाला. 'चोखंदळ वाइन' म्हणता येत नाही, कारण मराठीत चोखंदळ माणूसच असतो. पण अर्थाचा गाभा हाती लागतो: काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं याला इथे मोल आहे.

वाइनवाले हा शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या मनात बऱ्यापैकी ठरलेल्या गोष्टी असतात. अंग सडसडीत. मद्यार्क बेताचा, तिथल्या पिनो न्वारमध्ये साधारण १३ ते १३.५ टक्के. आंबटपणा जागता, म्हणजे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. आणि तुरटपणा बारीक. तुरट या चवीला आपल्याकडे षड्रसांत स्वतःची जागा आहे, त्यामुळे तुरटपणा आणणाऱ्या 'टॅनिन'पाशी अडण्याचं कारण नाही. कच्च्या सुपारीचा तुरटपणा जीभ ओढून धरतो, पिकलेल्या जांभळाचा नुसता हात लावून जातो. एलिगंट वाइनमध्ये हा दुसरा हवा.

हे त्या डोंगरांत का जमतं? बोत्सनचं खोलगट खोरं उन्हाळ्यात इटलीतल्या सर्वांत तापणाऱ्या जागांपैकी एक असतं, पण रात्री डोंगरांवरून गारवा उतरतो. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो. पिनो न्वारसाठी नावाजलेलं मात्सोन हे नॉयमार्क्टच्या वरचं पठार पश्चिमेकडे तोंड करून आहे. पाठीशी पूर्वेला डोंगर, त्यामुळे सकाळचं ऊन उशिरा पोचतं आणि संध्याकाळचं रेंगाळतं. दुपारी गार्दा सरोवराकडून ओरा नावाचा वारा सुटतो आणि पानं कोरडी ठेवतो. पातळ सालीच्या, आवळलेल्या घडाच्या, लगेच कुजणाऱ्या या नाजूक जातीला असलंच घर लागतं.

आता तुमचे उमेदवार. 'सुबक' हा आकाराचा शब्द आहे. गणपतीची मूर्ती सुबक, अक्षर सुबक. द्रव सुबक कसा होईल? 'शालीन' म्हटलं की मान खाली घालून पोहे घेऊन येणारी मुलगी दिसते. 'अभिजात' हे वाइनच्या दर्जाचं आणि परंपरेचं वर्णन झालं, जिभेवरचं नव्हे. शिवाय आजकाल तो शब्द भाषेच्या दर्जाच्या बातम्यांत फार अडकला आहे. 'मोहक'मध्ये दुसऱ्याला भुलवण्याचा उद्योग आहे, आणि इथे तर वाइन स्वतःहून पुढे येत नाही. 'नजाकत' जवळचा आहे, गाण्याच्या बैठकीतून आलेला, मलाही आवडतो. पण 'नजाकतदार वाइन' म्हटलं की पेला उचलण्याआधीच 'वाहवा' म्हणावं लागतं. आणि 'नाजूक' म्हटलं तर वाचक समजेल की बाटली जपून धरा.

माझं मत 'तलम'ला.

का, ते एका टेबलाशी कळलं. बोत्सनच्या एका खानावळीत ऑक्टोबरच्या संध्याकाळी माझ्यासमोर तीन पेले होते आणि खाली बारीक टायपातला कागदी मेनू. पहिला पेला फेर्नाचचा. तो कलता करून मेनूवर धरला, तर भाजलेल्या चेस्टनटांची किंमतसुद्धा वाचता आली. दुसरा मात्सोनच्या पिनो न्वारचा. त्याच्या कडेला अक्षरं स्पष्ट होती, मधोमध डाळिंबाच्या रसातून पाहिल्यासारखी धूसर. तिसऱ्या लाग्राइनखाली कागद आहे की टेबल, हेही कळेना. द्राक्षाचा रस बिनरंगी असतो आणि रंग सालीत राहतो. फेर्नाचचे मणी मोठे, म्हणून रसाच्या मानाने साल थोडी. पिनोची साल मुळातच पातळ.

मला तेव्हा लक्ष्मी रोडवरचं एक दुकान आठवलं. गादीवरचा माणूस साडी उलगडतो, पदराखाली आपला हात सरकवतो आणि म्हणतो, 'बघा, हात दिसतोय.' त्याच्या तळहाताच्या रेषा पदरातून दिसतात. आई लगेच दुसरी साडी काढायला लावायची, तिच्यातूनही हात दिसायचा, पण ती बोटांत धरून आई बाजूला टाकायची: 'ही विरविरीत आहे.' दोन्हींतून हात दिसतो, मग फरक कशात? पहिलीचं सूत बारीक, वरच्या नंबराचं, आणि इंचात धागे जास्त. दुसरीत धागेच कमी. तलम कापड पातळ असतं, पण त्यात काही उणं नसतं.

वाइनमध्ये नेमका हाच भेद सांगायचा असतो आणि इंग्रजी वर्णनं तो सांगताना अडखळतात. हलकी पिनो चांगलीही असते आणि पाणचटही, पेल्यात दोघी सारख्याच दिसतात. घोट घेतल्यावर एक मिनिटभर रेंगाळते, दुसरी गिळली की गेली. पहिली तलम, दुसरी विरविरीत. 'पातळ' मात्र वापरू नका. वरण पातळ झालं तर ती तक्रार असते, आणि आजीच्या ट्रंकेतलं पातळ म्हणजे ठेवणीतली साडी.

व्याकरणाचा किरकोळ फायदाही सांगतो. जर्मन, इटालियन, फ्रेंच तिन्हींत वाइन पुल्लिंगी. मराठीत ती दारूच्या मागोमाग स्त्रीलिंगी झाली. 'तलम' विकारी नाही, त्यामुळे कुठेही बसतो: तलम वाइन, तलम तुरटपणा, तलम चव. वाइन की वाईन, हेही विचाराल. दोन्ही रूपं छापली जातात. मी ऱ्हस्व लिहितो, कारण बोलताना तो इकार लांबत नाही. एका यादीत एकच रूप ठेवा, म्हणजे झालं.

तर तुमची ओळ मी अशी करीन: 'आल्प्सच्या खोऱ्यांतल्या द्राक्षपट्ट्यातली तलम, तांबडी वाइन.'

पुढे यादीत लाग्राइन आहे म्हणता. तिला हा शब्द लावू नका. ती काळसर, अंगाने भरलेली, तुरटपणा ठसठशीत. तिला 'भरदार' म्हणा. आणि फेर्नाच असेल तर तिच्या नावाची मजा कंसात टाकता आली तर बघा: फेर्नाच हे लॅटिनमधल्या 'घरचा, देशी' या अर्थाच्या शब्दावरून आलं असं मानतात, आणि तिचंच इटालियन नाव स्कियावा म्हणजे शब्दशः गुलाम स्त्री, बहुधा वेल बांधून वाढवतात म्हणून. एकाच वेलीला एका भाषेत घरची म्हणतात आणि दुसरीत बटीक. हॉटेलवाले छापतील असं वाटत नाही.