हॅम रेडिओच्या दोन ८०७ व्हॉल्व्हच्या लिनियरमध्ये (सिग्नलची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) एकाच व्हॉल्व्हची प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा आतला पत्रा) लाल होते. व्हॉल्व्ह गेला का?

तुम्ही लिहिलंय की ४० मीटर बँडवर पाचेक मिनिटं बोललं की डावीकडच्या ८०७ची प्लेट लाल होते आणि उजवीकडचा निवांत असतो. लगेच नवा ८०७ शोधायला निघू नका. आधी दोघांच्या जागा बदला. लाली व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेली तर व्हॉल्व्हच खराब. डावीकडेच राहिली तर व्हॉल्व्हचा काही गुन्हा नाही.

हात घालण्याआधी मेन्सचा प्लग काढा, ब्लीडरला (साठलेली वीज उतरवणारा रेझिस्टर) दोन मिनिटं द्या आणि तरीही मीटर लावून ७५० व्होल्टचे शून्य झाल्याची खात्री करा. ब्लीडर ओपन झालेला, म्हणजे आतून तुटलेला, सेट माझ्या हाती आलाय, म्हणून सांगतो.

बरेच जण इथे कपलिंग कपॅसिटर (आधीच्या भागातून सिग्नल आणणारा) लीक झालाय म्हणतील. पण दोन्ही ग्रिडना (व्हॉल्व्हमधला प्रवाह ताब्यात ठेवणारी जाळी) ड्राइव्ह (आत येणारा सिग्नल) आणि बायस (प्रवाह आवरणारं उणे व्होल्टेज) एकाच जागेवरून येत असेल, तर कपॅसिटर लीक झाल्यावर दोघंही लाल झाले असते. एकच लाल होतोय म्हणजे बिघाड त्या जागेच्या पुढे आहे: त्या बाजूचा ग्रिड रेझिस्टर ओपन, नाहीतर सॉकेटचा ३ नंबरचा, म्हणजे ग्रिडचा, कॉन्टॅक्ट सैल.

माझं नेमकं हेच झालं होतं. सॉकेटच्या टॅगवर (वायर जोडायची पट्टी) मीटर लावला, उणे ३२ व्होल्ट, झकास. म्हणून व्हॉल्व्ह बाद ठरवला, जुन्या बाजारातून दुसरा आणला, तर तोही लाल! शेवटी व्हॉल्व्ह उपसून पाहिलं तेव्हा तीन नंबरची पिन काळी पडलेली आणि सॉकेटमधली पत्ती फाकलेली. बायस टॅगपर्यंत येत होता, ग्रिडला पोचतच नव्हता. पिन ब्लेडने खरवडली, पत्ती जाड सुईने आत दाबली. तो ‘बाद’ व्हॉल्व्ह पुढे कित्येक वर्षं चालला.

प्लेटच्या टोपीजवळचा सप्रेसरही बघून घ्या. त्याचा रेझिस्टर करपलेला असेल तर व्हीएचएफवर (फार उंच फ्रिक्वेन्सीवर) पॅरासिटिक, म्हणजे नको असलेलं आपोआप होणारं ऑसिलेशन, सुरू आहे. ८०७ला ही खोड जुनीच.

निळ्या प्रकाशाचंही विचारलंत. काचेच्या आतल्या बाजूला चिकटून, बोलण्याबरोबर नाचणारा निळा रंग असेल तर खुशाल बघत बसा. पण प्लेटच्या आत, कॅथोडभोवती (मधली, इलेक्ट्रॉन सोडणारी नळी) जांभळट धुकं दिसलं तर आत गॅस आहे. आणि काचेवरचा गेटरचा (उरलेला गॅस शोषणारा लेप) चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह शोकेसमध्ये ठेवा.

दुरुस्ती झाली की प्रत्येक कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर घाला. ड्राइव्ह न देता पीटीटी (बोलायचं बटण) दाबून दोन्हींवरचे व्होल्ट मोजा. ०.२ व्होल्ट म्हणजे २० मिलिअँप. दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बघू. ७३ (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार).