वस्तू आली नाही, रक्कम मात्र कार्डावर लागली
प्रथम विक्रेत्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. फोनवरचे आश्वासन, मग ते कितीही गोड असो, बँकेपुढे टिकत नाही. त्यानंतर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावर लागलेली रक्कम परत, मागताना ‘वस्तू मिळाली नाही’ हेच कारण द्यावे, ‘फसवणूक’ नव्हे, कारण ओटीपी तुम्हीच दिलेला असतो. माझ्या मिक्सरचे पार्सल ‘पोहोचले’ असे दाखवत होते. धरमपेठेतील आमच्या इमारतीच्या चौकीदाराच्या वहीत त्या दिवशी कुरिअरची एकही नोंद नव्हती आणि त्या पानाचा फोटो जोडल्यावरच प्रकरण पुढे सरकले. वादातली रक्कम सोडून कार्डाच्या बिलाची उर्वरित रक्कम मात्र मुदतीत भरावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विक्रेत्याविरुद्ध १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.